हिवरे बाजार: रोजगार हमीचे चर, गावाच्या बंद्या आणि पाण्याची वही

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी आलं. गणित पाचवी-सहावीतलं आहे, पण गावच्या बैठकीत ते फळ्यावर मांडलं की मंडळी आधी माझ्याकडे बघतात, मग मोबाइलवर आकडेमोड करून बघतात. हिवरे बाजारचं शिवार ९७६ हेक्टर. तिथे एक मिलिमीटर पाऊस झाला तर अठ्ठ्याण्णव लाख लिटरच्या घरात पाणी पडतं. वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटर धरला तर ३४१ कोटी लिटर. वस्ती साधारण साडेबाराशे धरू. माणशी रोज ५५ लिटर धरले तर सगळ्या गावाला वर्षभर लागतं अडीच कोटी लिटर.

आता ऊस. एका एकराला लागणीपासून तोडणीपर्यंत, पाटपाणी दिलं तर, ऐंशी लाख लिटरच्या आगेमागे पाणी जातं. तीन-सव्वातीन एकर ऊस जेवढं पितो, तेवढ्यात या गावाचं वर्षभराचं पिणं, रांधणं, धुणं भागतं.

पडलेला सगळा पाऊस विहिरीत जात नाही, हे मान्य. बराचसा उन्हाने उडून जातो, काही ओढ्याने वाहून जातो, काही माती धरून ठेवते. खाली झिरपतो तो लहान वाटा. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाऊस कमी झाला म्हणून टँकर लागला, हे पुष्कळदा अर्धंच खरं असतं. उरलेलं अर्धं पिकात असतं, आणि त्याबद्दल बैठकीत कोणी तोंड उघडत नाही.

हिवरे बाजारवर आजवर ढिगाने लिहून झालंय. अहिल्यानगर शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर गाव, त्यामुळे सहलीच्या बसा येतात, फोटो निघतात, ‘चमत्कार’ हा शब्द वापरला जातो आणि बसा परत जातात. मला चमत्काराशी देणंघेणं नाही. गेली काही वर्षं मी गावोगाव पाण्याचे ताळेबंद मांडायला मदत करतो, आणि प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न येतो: ‘त्यांना सरकारने जास्त दिलं असेल, नाही का?’ सरकारने त्या गावाला नेमकं काय दिलं, केव्हा दिलं आणि ते तिथेच का टिकलं, एवढाच विषय इथे घेतो.

आधीचं गाव

सह्याद्रीच्या फाट्यावरच्या टेकड्यांच्या कुशीतलं, पर्जन्यछायेतलं गाव. सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आत-बाहेर. एके काळी पैलवानांचं गाव म्हणून पंचक्रोशीत नाव होतं. टेकड्यांवर झाडोरा होता तोवर विहिरींना पाणी होतं. पुढे सरपणासाठी, विकण्यासाठी झाडं तुटली, उघड्या डोंगरावरून माती वाहिली, आणि १९७२ च्या दुष्काळाने उरलंसुरलं मोडलं. माणसं नगर, पुणे, मुंबईकडे गेली. मागे राहिलेल्यांत दारूच्या भट्ट्या आणि भांडणं वाढली. सरकारी नोकराची इथे बदली म्हणजे शिक्षा, असं तेव्हा म्हणत.

१९८९ मध्ये गावाने पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं. गावातले ते एकमेव पदव्युत्तर. क्रिकेटही चांगलं खेळायचे. सुरुवात त्यांनी पाण्यापासून केली नाही, शाळेपासून केली. लोकांनी जागा दिली, श्रमदानाने खोल्या उभ्या राहिल्या. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. गावाने एकत्र येऊन एक काम तडीस नेलं, ते डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि मग लोकांना डोंगरावर बोलावलं गेलं. पहिल्याच बैठकीत ‘चराई बंद’ म्हटलं असतं तर बैठक तिथेच मोडली असती.

डोंगरावरचं काम, रोजगार हमीचा पैसा

रोजगार हमी ही महाराष्ट्राची स्वतःची योजना. वि. स. पागे यांनी तिची मांडणी केली, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे तिचं सूत्र. दुष्काळी कामं म्हटलं की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना आजही खडी फोडणं आणि रस्त्याची माती उचलणं आठवतं. हजारो गावांत त्या मजुरीतून रस्ते झाले, पाझर तलावही झाले. यातले कित्येक तलाव गाळाने भरले, कारण वरचा डोंगर तसाच बोडका होता. डोंगर उघडा ठेवून खाली तलाव बांधणं म्हणजे गळक्या छपराखाली बादल्या मांडत बसणं.

हिवरे बाजारने हाच पैसा माथ्यावर नेला. १९९२-९३ च्या सुमारास वन खात्याबरोबर संयुक्त वनव्यवस्थापनातून गावालगतचं सत्तरेक हेक्टर उजाड वनक्षेत्र हाती घेतलं. टेकड्यांवर चाळीस हजारांच्या आसपास समतल चर खणले गेले. खाली उतरताना ५२ मातीचे बांध, ३२ दगडी बांध, ९ बंधारे, दोन पाझर तलाव. रोजगार हमीतून या पाणलोटावर साधारण ४२ लाख रुपये लागले. हजार हेक्टरच्या हिशोबाने हेक्टरी चार हजारांच्या थोडं वर. त्या काळातही ही रक्कम डोळे दिपवणारी नव्हती.

चर म्हणजे काय ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून थोडं थांबतो. दोन बांबू वर बांधून पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी, वरून दगड बांधलेला दोरा. इंग्रजीतल्या ‘ए’ अक्षरासारखं दिसतं म्हणून त्याला ए-फ्रेमच म्हणतात. दोरा आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खडूची भुकटी टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा खूण. अशी डोंगराभोवती फिरणारी रेघ मिळते. त्या रेघेवर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर खणायचा आणि माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. या मापाच्या एका मीटर चरात एका भरतीला १८० लिटर पाणी मावतं. रेघ बोटभर चुकली तर पाणी एका टोकाला जमतं, तिथून चर फोडून बाहेर पडतं आणि पुढच्या पावसात तिथेच घळ पडते. असे फुटलेले चर मी इतके पाहिलेत की आता लांबूनच ओळखू येतात. मोजणी पुस्तकात मात्र फुटलेला चर आणि धडका चर दोघांची लांबी सारखीच भरते, आणि बिल लांबीवर निघतं.

इथे हिवरे बाजारचा पहिला फरक दिसतो. चरांवर काम करणारे लोक तेच, ज्यांची जनावरं त्या डोंगरावर चरायची आणि ज्यांच्या विहिरी पायथ्याला होत्या. चर फुटला तर नुकसान कोणाचं, हे सांगायला अभियंता लागत नव्हता.

बंद्या

राज्याची आदर्श गाव योजना १९९२ ची. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी जे केलं होतं त्यावरून ती बेतलेली, आणि सुरुवातीला तिची धुरा अण्णांकडेच होती. हिवरे बाजार १९९४-९५ च्या सुमारास तिच्यात आलं. तिची गंमत अशी की पैसे मिळण्याआधी गावाने काही गोष्टी सोडायच्या होत्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रं. पुढे लोटाबंदी (उघड्यावर शौचाला जायचं नाही) आणि बोअरबंदी जोडून सप्तसूत्री झाली. शासनाच्या योजनांमध्ये लाभार्थ्याने काय आणायचं याची यादी असते: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, दोन फोटो. इथे काय सोडायचं याची यादी होती.

दुसरी गोष्ट, पैसा गावाच्या नेमलेल्या संस्थेमार्फत खर्च व्हायचा. हिवरे बाजारने बाहेरची संस्था न आणता स्वतःचीच उभी केली, यशवंत कृषी, ग्राम आणि पाणलोट विकास ट्रस्ट. ग्रामसभेने १९९५ ते २००० चा पंचवार्षिक आराखडा केला आणि वेगवेगळ्या खात्यांच्या योजना त्या आराखड्यात बसवून घेतल्या. एरवी उलटं होतं. खात्याकडे मार्चअखेर निधी उरतो, मग ‘तुमच्याकडे एखादा सिमेंट बंधारा बसतो का’ असा फोन येतो, आणि बंधारा जिथे ट्रॅक्टर पोचतो तिथे बसतो.

चराईबंदीबद्दल नीट बोललं पाहिजे, कारण भाषणात ती फार सोपी वाटते. डोंगर बंद केला की ज्याच्याकडे चार एकर बागायत आहे त्याचं काही अडत नाही. ज्याच्याकडे दहा शेळ्या आहेत आणि रान नाही, त्याचा चुलाच त्या डोंगरावर असतो. कोणत्याही गावात चराईबंदीचा पहिला फटका भूमिहीनाला आणि मेंढपाळाला बसतो. मधल्या दोन वर्षांत त्या घरांना काय द्यायचं, यावर बंदी टिकते की मोडते ते ठरतं. रोजगार हमीची मजुरी इथे उपयोगी पडली, कारण ज्या वर्षांत डोंगर बंद होता त्याच वर्षांत डोंगरावर काम होतं. बंदी आणि मजुरी एकाच वेळी आल्या. मजुरी तीन वर्षं उशिरा आली असती तर कुंपणाच्या तारा रात्रीत गायब झाल्या असत्या, असं मी माझ्यापुरतं खात्रीने सांगतो.

आणि नसबंदी. ही अट आज वाचताना मी अडखळतो. आणीबाणीच्या आठवणी असलेल्या देशात पाणलोटाचा पैसा आणि कुटुंबाचा आकार एका यादीत येणं मला पटत नाही. गाव लहान राहिलं म्हणून पाणी पुरलं, असा युक्तिवाद कोणी केला तर त्याने वर दिलेला उसाचा हिशोब पुन्हा पाहावा.

गवत आधी, पाणी नंतर

लोक विचारतात पाणी किती वाढलं. मी आधी गवत सांगतो. डोंगर बंद झाल्यावर पहिल्यांदा हाती लागलं ते गवत. जनावर सोडायचं नाही, विळ्याने कापून भारा घरी न्यायचा. २००० साली गवताचं उत्पादन १०० टन होतं, २००४ पर्यंत ते ६,००० टनांवर गेलं. गवत आलं म्हणून दावणीला बांधलेली संकरित गाय परवडू लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावातून दिवसाला दीडशे लिटर दूध जायचं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते चार हजार लिटरच्या घरात गेलं. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो. कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षातून एकदा, तेही आलं तर, पैसे पाहायची सवय असते. त्याच्या हातात दहा दिवसांनी नोटा येऊ लागल्या की तो पुढच्या हंगामाचा जुगार खेळायला फारसा उत्सुक राहत नाही. कांद्याचा भाव पडला तरी घर चालतं. शिवाय दावणीला जनावर म्हणजे उकिरड्यावर शेण, आणि शेणखत पडलेली माती पाणी जास्त धरते. शाश्वत शेतीवर परिसंवादात जे बोललं जातं त्यातलं निम्मं या गोठ्याच्या मागच्या उकिरड्यात असतं.

पाणी नंतर आलं. बागायत १९९९ मध्ये १२० हेक्टर होती, २००६ मध्ये २६० हेक्टर. बाजरी-ज्वारीच्या जोडीला गहू, कांदा, बटाटा, भाजीपाला आला. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, म्हणजे जवळजवळ सगळं गाव. १९९८ मध्ये ५३ राहिली, पुढे तीन. गाव सोडून गेलेली कित्येक घरं परत आली. मुंबईहून गावाकडे उलट स्थलांतर ही आमच्या भागात बातमी असते.

वही

आता खरा मुद्दा. पाणी वाढलं की गावं बुडतात. हे वाक्य विचित्र वाटेल, पण नगर, बीड, जालना, संभाजीनगर या पट्ट्यात मी हेच पाहत आलोय. पाणलोटाचं काम चांगलं होतं, विहिरी भरतात, दोन वर्षं आनंदाची जातात. तिसऱ्या वर्षी ऊस येतो. चौथ्या वर्षी बोअरची गाडी येते. आपल्याकडचा काळा कातळ मुळात फारसं पाणी धरत नाही. वरच्या मुरमात, फुटलेल्या खडकात आणि भेगांत जे साठतं तेच. उघडी विहीर त्या वरच्या थरातून पिते. बोअर खालच्या भेगेत शिरतं आणि शेजाऱ्याच्या, कधी शेजारच्या गावाच्या विहिरीखालचं पाणी ओढतं. सहा-सात वर्षांत गाव जिथे होतं तिथे परत येतं, वर कर्ज घेऊन.

हिवरे बाजारने इथे पाचर मारली. शेतीला बोअर नाही. ऊस नाही, केळी नाही. गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही. यातल्या पिकांच्या बंदीला कायद्याचा आधार कुठला? नाही. कोणीही कोर्टात गेलं असतं तर ग्रामसभेचा ठराव किती टिकला असता, ते वकिलाला विचारा. तो टिकला तो दरवर्षी नव्याने मान्य केला गेला म्हणून. आणि दरवर्षी मान्य करायला समोर आकडा लागतो.

तो आकडा सरकारने दिला. माझ्या मते हिवरे बाजारला मिळालेली सर्वांत मोलाची सरकारी मदत ही आहे, आणि तिचा खर्च सगळ्यात कमी. २००४ पासून राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. गावात सहा निरीक्षण विहिरी ठरलेल्या आहेत, पर्जन्यमापक आहे. ही यंत्रणा तशी राज्यभर निरीक्षण विहिरी मोजते. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा. पण ते आकडे बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या कचेरीत जातात आणि तिथून पुण्याला. इथे ते ग्रामसभेत येतात.

पावसाळा सरला की हिशोब होतो. यंदा पाऊस इतका झाला, जमिनीत इतकं मुरलं, तलाव-बंधाऱ्यांत इतकं आहे. त्यातून पहिलं पिण्याचं, मग जनावरांचं, मग घरवापराचं बाजूला काढायचं. उरलेल्याचे सत्तर टक्के शेतीला. तीस टक्के हात न लावता जमिनीत ठेवायचे, पुढच्या वर्षी पाऊस फसला तर म्हणून. मग शेतीच्या वाट्यात कोणतं पीक किती क्षेत्रावर बसतं ते बघायचं. पाऊस चांगला तर रब्बीला गहू-कांद्याला मोकळीक. बेताचा तर गहू कमी, ज्वारी-हरभऱ्याकडे वळा. तुटीचा तर उन्हाळी पीक नाहीच.

हे कागदावर चार ओळींचं काम आहे. प्रत्यक्षात काय होतं ते ज्याने अशा ग्रामसभेत बसून पाहिलंय त्याला कळेल. ज्याची विहीर ओढ्याकाठी आहे तो म्हणतो, माझ्या विहिरीला पाणी आहे, मी गहू का नको पेरू? माझं पाणी, माझं रान. आणि त्याला उत्तर देताना ‘गावाच्या हितासाठी’ असं म्हटलं की तो ऐकत नाही, ऐकूही नये. त्याला सांगावं लागतं की तुझ्या विहिरीतलं पाणी वरच्या आळीतल्या रानात मुरलेलं आहे आणि ते रान ज्याचं आहे तो इथेच तुझ्यामागे बसलाय. सहा विहिरींच्या पातळ्या शेजारी शेजारी लिहिलेल्या असल्या की हे सांगता येतं. आकडे नसले की उरतो आवाज, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा गहू.

खटकणाऱ्या गोष्टी

हे गाव एका माणसाभोवती उभं आहे, हा आक्षेप जुना आहे आणि तो टाळून चालणार नाही. पवार सरपंच होते, पुढे उपसरपंच झाले, राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्ष झाले, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. तीस वर्षं गावात निवडणूकच बिनविरोध व्हायची. जानेवारी २०२१ मध्ये पहिल्यांदा मतदान झालं. त्यांच्या बाजूचं पॅनेल निवडून आलं. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी ‘परंपरा खंडित’ अशा सुरात दिली. मला उलट वाटतं. ज्या गावात ऊस लावायचा नाही, बोअर पाडायचा नाही, जमीन विकायची नाही असे नियम आहेत, तिथे कधीतरी कोणी समोर उभं राहणं हे गाव जिवंत असल्याचं लक्षण आहे. बिनविरोध हा शब्द आपल्याकडे उगीच पवित्र झालाय.

दुसरं, गाव लहान आहे. एका पाणलोटात जवळजवळ पूर्ण गाव बसतं, वरचा डोंगर गावाच्याच शिवाराला लागून. ज्या गावाचा माथा एका तालुक्यात, पायथा दुसऱ्यात आणि मधला ओढा तिसऱ्याच गावाच्या हद्दीत, त्याने काय करायचं? नकाशाच्या पहिल्या ओळीवर तिथे भांडण सुरू होतं. हिवरे बाजारकडे याचं उत्तर नाही, कारण त्यांना तो प्रश्न पडलाच नाही.

शासनाने यातलं काय उचललं

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं. ‘पाण्याचा ताळेबंद’ हा शब्द शासन निर्णयात आला, गावोगाव आराखडे झाले. खर्च ९,६०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने म्हटलं की भूजलपातळी वाढवण्यात या मोहिमेचा प्रभाव फारसा दिसला नाही. राजकारण त्यावर भरपूर झालं, दोन्ही बाजूंनी. मी ज्या गावांत त्या काळात फिरलो तिथे दिसलं ते असं की पोकलेन सगळीकडे पोचला, ए-फ्रेम क्वचितच. नाला खोल-रुंद करणं आठवड्यात होतं, फोटोत उठून दिसतं, मोजायला सोपं असतं. माथ्यावर चर खणायला माणसं लागतात, आणि डोंगर बंद करायला ग्रामसभा.

डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राची अटल भूजल योजना सुरू झाली. सात राज्यं, त्यात महाराष्ट्र. सहा हजार कोटी, निम्मे जागतिक बँकेचे. तिचा भर बांधकामावर नसून पाणी मोजण्यावर, ते आकडे लोकांसमोर ठेवण्यावर आणि मागणी कमी करण्यावर होता. म्हणजे हिवरे बाजारची वहीच, छापील नमुन्यात. कागदावर तरी धडा बरोबर उचललाय.

नमुना मात्र भरणाऱ्याच्या हातात असतो. मराठवाड्यातल्या एका गावात मी गेलो होतो. कोणत्या योजनेतून ते राहू दे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात सुंदर अक्षरांत पाण्याचा ताळेबंद रंगवलेला: एकूण पाऊस, अपधाव (म्हणजे वाहून गेलेलं पाणी), मुरलेलं पाणी, मागणी, तूट. शेजारच्या गावात गेलो, तिथेही भिंत, तोच रंग. आणि तेच आकडे. दशांश चिन्हापुढचे दोन अंकसुद्धा. दोन्ही गावांच्या क्षेत्रात दोनशे हेक्टरांचा फरक. सरपंचताईंना दाखवलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘दादा, पेंटर एकच होता.’

मग आम्ही भिंत सोडून दिली. गावातल्या चार विहिरी निवडल्या, चार दिशांच्या. काठावर तैलरंगाने लाल खूण केली, म्हणजे दर वेळी तिथूनच मोजायचं. दोरीला गाठी आणि खाली लोखंडी नट. ऑक्टोबरमध्ये पहिलं मोजमाप झालं, जानेवारीत दुसरं. मार्चमध्ये चौथ्या विहिरीचे मालक म्हणाले, मोटर चालू आहे, आज नको. दुसऱ्या दिवशीही नको. सरपंचताईंनी वहीत त्या रकान्यात आकडा लिहिला नाही, ‘मालक नको म्हणाले’ असं लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि एप्रिलच्या ग्रामसभेत वाचायच्या ओळींत ती ओळही घेतली. मे महिन्यात चारही विहिरी मोजून झाल्या. चौथीचं पाणी सगळ्यात खाली होतं.